गिझरची कॉइल वारंवार का जळते? बोअरच्या पाण्यातील क्षार, त्यांचे मूळ आणि उपाय

पुण्याच्या पूर्वेकडे, जिथे महापालिकेची जलवाहिनी अजून पोहोचलेली नाही, अशा एका सोसायटीत मी राहतो. वर्षाचे आठ महिने दोन बोअर आणि उरलेले चार महिने बोअर अधिक टँकर, अशी आमच्या पाण्याची व्यवस्था आहे. गेल्या चार वर्षांत माझ्या १५ लिटरच्या गिझरची कॉइल तीन वेळा जळाली. प्रत्येक वेळी मेकॅनिक आला, त्याने जुनी कॉइल पिशवीत टाकली, नवी बसवली आणि ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, साहेब’ असे सांगून तो निघून गेला. तिसऱ्या वेळी मात्र मी जुनी कॉइल मागून घेतली आणि वर्तमानपत्रावर ठेवून नीट पाहिली. मुळात पेन्सिलीएवढी असलेली नळी अंगठ्याएवढी जाड झाली होती. तिच्यावरचा थर मळकट पांढरा, खडबडीत आणि इतका घट्ट होता की तो नखाने खरवडला जात नव्हता. पकडीने एक तुकडा तोडल्यावर त्याच्या कडेला कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे दिसले आणि नळी जिथे फुटली होती, नेमका तिथेच थर सर्वांत जाड होता. गिझरच्या तळातून पोह्यांसारख्या खपल्या निघाल्या, त्यांनी दोन वाट्या भरल्या. व्होल्टेज बिचारे निर्दोष होते.

ही तक्रार केवळ गिझरपुरती नसते. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटे धरतात, शॉवरची निम्मी भोके बुजतात, बादलीला आतून पाण्याच्या पातळीवर एक करडी रेघ उमटते आणि ती घासूनही जात नाही. साबण लावला तरी फेस होत नाही, उलट अंगावर चिकटसर साका राहतो. तूरडाळ तीन शिट्ट्यांनी गळायची, तिला सहा शिट्ट्या लागतात. कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो. ज्यांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता त्यांना बंबाच्या आतून निघणारी खपली आठवत असेल, ती हीच. या सर्व तक्रारींचे मूळ एकच असले तरी उपाय मात्र वेगवेगळे आहेत, आणि चुकीच्या उपायावर खर्च झालेले पैसे मी स्वतः मोजलेले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी थर कशाचा आहे ते ओळखावे

खपलीचा एक तुकडा बशीत घेऊन त्यावर स्वयंपाकघरातील पांढऱ्या व्हिनेगरचे चार-सहा थेंब टाकावेत. तुकड्याच्या अंगावर बारीक बुडबुडे सुटू लागले, तर तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आहे, म्हणजे साध्या भाषेत चुनखडीचा, असे समजावे. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात. व्हिनेगर थंड असेल तर ही क्रिया रेंगाळते, म्हणून मिनिटभर वाट पाहावी आणि शक्य तर भिंग वापरावे. बुडबुडे आलेच नाहीत, पण तुकडा साध्या पाण्यात विरघळून गेला, तर ते साधे मीठ किंवा तत्सम सहज विरघळणारा क्षार आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे तेथील पाण्यात अशा मिठाचा वाटा मोठा असतो, आणि त्यावरचा इलाज या लेखातील इलाजाहून निराळा आहे. तुकडा पाण्यातही विरघळला नाही आणि व्हिनेगरलाही दाद देत नसेल, तर तो जिप्सम किंवा सिलिका यांचा असण्याचा संभव अधिक. असा थर घरच्या आम्लांनी निघत नाही.

दुसरी परीक्षा साबणाची. आंघोळीच्या साबणाचा चमचाभर कीस कपभर आरओच्या पाण्यात विरघळवून घ्यावा. एकसारख्या दोन बाटल्यांपैकी एकीत आरओचे आणि दुसरीत बोअरचे पाणी अर्धे भरावे, दोन्हींत या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून बाटल्या जोराने हलवाव्यात. एकीत फेस उभा राहतो. दुसरीत पाणी दुधी होते आणि वर दह्याच्या पाण्यासारखा साका तरंगतो. शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ हा शब्द आपण पाठ केला होता, त्याचे हे दर्शन आहे. या परीक्षेसाठी कपडे धुण्याची पावडर किंवा शाम्पू घेऊ नये, कारण दुष्फेन पाण्यातही फेस व्हावा अशाच रीतीने ते बनवलेले असतात.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, पण पुढचा सारा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. बोअरचे लिटरभर पाणी १५ मिनिटे खळखळून उकळावे, झाकून थंड होऊ द्यावे, वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे आणि त्यावर साबणाची परीक्षा पुन्हा करावी. आता फेस चांगला आला, तर पाण्याचे काठिण्य, म्हणजे फेस न येऊ देणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, बायकार्बोनेटमुळे आहे; त्याला तात्पुरते काठिण्य म्हणतात. फेसात फरक पडला नाही, तर ते सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे आलेले कायमचे काठिण्य आहे. गिझरमध्ये चुनखडीचा थर बसवणारे असते ते पहिले. माझ्या पाण्यात दोन्ही होती, परंतु तात्पुरत्याचा वाटा पुष्कळच मोठा होता.

नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्यावा. राज्य शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत ही तपासणी होते. माझ्या अहवालात एकूण काठिण्य प्रतिलिटर ४८० मिलिग्रॅम आले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० याच्या २०१२ सालच्या आवृत्तीत स्वीकारार्ह मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे मानकाच्या भाषेत माझे पाणी चालण्याजोगे होते. गिझरची भाषा वेगळी असते एवढेच.

मुळात हे पाण्यात शिरते कसे

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन बाजूंना हायड्रोजनचे दोन अणू असतात, परंतु ते सरळ रेषेत नसून सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून बसलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन विद्युतभार येतो. कोन नसता, तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना छेदून गेली असती आणि पाण्याला ही दोन टोके मिळाली नसती. मिठाचा खडा पाण्यात पडला की त्यातील धनभारित सोडियमकडे पाण्याचे रेणू ऑक्सिजनचे तोंड करतात आणि ऋणभारित क्लोराइडकडे हायड्रोजनचे. गर्दीत हरवलेल्या मुलाभोवती माणसे कडे करतात तसे रेणूंचे कडे प्रत्येक आयनाभोवती, म्हणजे अशा भारित कणाभोवती, तयार होते आणि त्याला खड्यापासून सोडवून घेऊन जाते. शिवाय पाण्यात दोन विरुद्ध भारांमधील आकर्षण निर्वातातील आकर्षणाच्या सुमारे ८० व्या भागाएवढेच उरते, त्यामुळे सुटलेले आयन सहजासहजी पुन्हा एकत्र येत नाहीत. हेक्झेनसारख्या तेलकट द्रवात हे आकर्षण जेमतेम निम्म्यावर येते, म्हणून मीठ त्यात तसेच पडून राहते.

साखरेवर असा भार नसतो. पण तिच्या रेणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या ठिकठिकाणी असतात आणि पाणी त्यांच्याशी हायड्रोजन बंध जोडते. तेलाला असे काहीच धरायला नसते, म्हणून पाणी त्याला बाजूला सारते. पाण्याला ‘वैश्विक द्रावक’ म्हणण्याची पद्धत आहे, ते कौतुक थोडे जास्तच आहे. पाणी खरोखरच सर्व काही विरघळवत असते, तर ते भरून ठेवायला ना माठ उरला असता, ना हंडा.

आता आपल्या तक्रारीकडे येऊ. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. चुनखडी मात्र लिटरभर शुद्ध पाण्यात १५ मिलिग्रॅमही धड विरघळत नाही. याचे एक मोठे कारण असे की मिठातील दोन्ही आयनांवर एकेक भार असतो, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोघांवर दोन-दोन; म्हणून त्यांची एकमेकांवरील पकड बरीच घट्ट असते आणि पाण्याच्या कड्याला ती सुटत नाही. मग माझ्या बोअरच्या पाण्यात ४८० मिलिग्रॅम आले कुठून? याचे उत्तर पाण्यापाशी नाही, पाण्याच्या सोबत्यापाशी आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे मातीतील हवेत हा वायू वरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. तो पाण्यात मिसळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते, ते कार्बोनेटचे बायकार्बोनेट करते, आणि एकच भार असलेले बायकार्बोनेट कॅल्शियमसह पाण्यात सुखाने राहते.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाने, बेसाल्टने, झाकलेला आहे. या पाषाणातील खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते, आणि हेच सौम्य आम्ल त्याला वर्षानुवर्षे कुरतडत राहते. काळ्या मातीखाली नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे याच प्रक्रियेतून जन्मलेले असतात. बोअर जितके खोल आणि पाणी खडकात जितके दीर्घकाळ मुरलेले, तितकी त्याला विरघळवायला सवड अधिक मिळते. कोकणातील जांभ्याच्या विहिरीचे पाणी सहसा मृदू असते, कारण तिथल्या धुवाधार पावसाने हे क्षार केव्हाच धुऊन नेलेले आहेत. रत्नागिरीकडून आलेल्या माझ्या मावशी आमच्याकडे आंघोळ केल्यावर दर वेळी ‘साबण गेलाच नाही अंगावरचा’ असे म्हणतात, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

गिझरमध्येच का बसते

साखरेचा पाक करताना पाणी तापवले की साखर अधिक विरघळते, त्यामुळे गरम पाण्यात सर्वच पदार्थ अधिक विरघळतात असा आपला समज होतो. चुनखडीची गोष्ट उलटी आहे. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो, सोबती निघून गेल्यामुळे बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते, आणि ते कार्बोनेट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षाही कमी विरघळते. म्हणून जिथे पाणी सर्वांत गरम, तिथेच खडा जमतो. गिझरमध्ये ती जागा म्हणजे कॉइलची कातडी. टाकीतील पाणी ६० अंशांवर असले, तरी कॉइलला चिकटलेला पाण्याचा पातळ थर त्याहून बराच गरम असतो.

एकदा थर बसला की पुढचे बिघाड आपोआप घडतात. चुनखडी तांब्याच्या शंभराव्या भागाइतकीही उष्णता वाहून नेत नाही. कॉइलच्या आतील तार मात्र पूर्वीइतकीच उष्णता निर्माण करत राहते. ती बाहेर पडू न शकल्याने नळी आतून तापत जाते, तिच्या तप्त पृष्ठभागावर आणखी क्षार बसतात, आणि शेवटी तार तुटते किंवा नळीला तडा जाऊन विद्युतप्रवाह पाण्यात उतरतो. दुसरा प्रकार जिवावर बेतणारा आहे. गिझर चालू करताच घरातील आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करून आंघोळ उरकू नये.

किती क्षार येतात याचा अंदाज घ्यायचा असेल तर हिशेब सोपा आहे. समजा दिवसाला १०० लिटर पाणी गिझरमधून जाते. ४८० मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्यात ४८ ग्रॅम काठिण्य असते. त्याचा केवळ दहावा भाग गिझरमध्ये खाली बसला असे धरले, तरी दिवसाला जवळजवळ ५ ग्रॅम आणि वर्षाला पावणेदोन किलो होतात. दोन वाट्या खपल्या पाहून मला जे नवल वाटले होते, ते हा हिशेब केल्यावर वाटेनासे झाले.

मी केलेल्या चुका

पहिली चूक तुरटीची. तुरटीने गढूळपणा बसतो, कारण गढूळपणा हा पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा असतो. विरघळलेल्या कॅल्शियमला तिचा स्पर्शही होत नाही. दुसरी चूक म्हणजे टाकीच्या तोंडाशी बसवलेला गाळणीचा फिल्टर. जे विरघळले आहे ते गाळले जात नाही, हे वाक्य मी शाळेत लिहिलेले असूनही फिल्टर विकत घेताना आठवले नाही. तिसरी चूक नळीवर बसवायच्या चुंबकाची. या चुंबकाने पाण्यातील कॅल्शियमचे प्रमाण कमी होत नाही हे निश्चित. थर कमी घट्ट बसतो असा विक्रेत्यांचा दावा असतो, आणि माझ्या गिझरमध्ये तरी तो खरा ठरला नाही.

चौथी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि सोसायटीच्या बैठकीत तिच्यावरून भांडणही झाले. सोसायटीने सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचे काठिण्य काढणारे यंत्र, बसवला, दुसऱ्या दिवशी एका सदस्याने खिशातील टीडीएस मीटर पाण्यात बुडवला आणि आकडा कमी झालाच नाही म्हणून विक्रेत्याने फसवले असे जाहीर केले. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो; त्यातले कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस तसाच राहणे हेच अपेक्षित आहे. सॉफ्टनर चालतो की नाही हे पाहायचे असेल, तर काठिण्य मोजण्याचे थेंबांचे किट घ्यावे किंवा सरळ वरची साबणाची बाटली हलवावी. उलटही खरे आहे: खारपाणपट्ट्यातील टीडीएस फार असलेले पाणी गिझरवर थर बसवीलच असे नाही.

बसलेला थर कसा काढावा

कपभर व्हिनेगर गिझरमध्ये ओतण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. त्याचाही हिशेब करून पाहू. बाजारातील व्हिनेगरमध्ये सुमारे ४ टक्के ॲसेटिक आम्ल असते, म्हणजे लिटरमध्ये ४० ग्रॅम. ते सगळेच्या सगळे कामी आले तरी फार तर ३३ ग्रॅम चुनखडी विरघळेल. किलोभर थरापुढे एक कप म्हणजे दर्यामे खसखस. त्यापेक्षा किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड स्वस्त आणि सोयीचे पडते. १०० ग्रॅम चुनखडीला ते सुमारे १३० ग्रॅम लागते. म्हणून शहाणपणाचा क्रम असा की गिझर उघडून सुट्या खपल्या हाताने काढून टाकाव्यात आणि आम्ल फक्त चिकटलेल्या थरासाठी ठेवावे.

गिझरचा एमसीबी खाली करावा, टेस्टरने खात्री करावी, आत येणाऱ्या पाण्याची चावी बंद करावी आणि टाकी निचरा होईपर्यंत मोकळी करावी. विजेच्या जोडण्या सोडवण्याचा सराव नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे, मात्र ‘कॉइल बदलू नका, साफ करा’ असे आधीच सांगावे. गिझर वॉरंटीत असेल तर कंपनीबाहेरच्या माणसाने तो उघडल्यास वॉरंटी जाण्याचा संभव असतो, तेही पाहून घ्यावे. कॉइल बाहेर आली की तिच्या वायर जोडण्याच्या टोकांना पाणी लागणार नाही अशा बेताने, लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातलेल्या कोमट पाण्यात ती उभी बुडवून ठेवावी. सुरुवातीला सोड्याच्या बाटलीसारखी फसफस होते, नंतर मंदावते. फसफस थांबली आणि थर उरला असेल तर पाणी बदलून पुन्हा बुडवावे. पाणी उकळते घेऊ नये आणि द्रावण अति तीव्र करू नये, कारण त्यात कॅल्शियम सायट्रेट नावाचा, गरम पाण्यात कमी विरघळणारा, नवाच पांढरा साका तयार होतो. स्क्रू-ड्रायव्हरने थर खरवडण्याचा मोह टाळावा, नळीवरचा ओरखडा हेच पुढच्या छिद्राचे बीज असते. टाकीला आतून काचेचा लेप असेल तर हा नियम टाकीलाही लागू आहे.

कॉइलसोबत जो मॅग्नेशियमचा दांडा निघतो, त्याला ॲनोड रॉड म्हणतात. तो टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजत असतो. त्याला आम्लात बुडवू नये. त्यातून हायड्रोजन वायू सुटून तो वाया जातो. तो खडूच्या तुकड्याएवढा उरला असेल तर नवा बसवावा. गॅस्केटही नवेच घालावे. सर्व जोडल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू द्यावी आणि मगच वीज चालू करावी. कोरड्या टाकीत तापलेली कॉइल काही मिनिटांत जळते आणि दोष पुन्हा क्षारांवर जातो.

नळ आणि शॉवर यांसाठी सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेला फडका अर्धा तास गुंडाळून ठेवणे पुरते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शहाबादी, कोटा आणि कडप्पा या तिन्ही फरशा मुळात चुनखडकच आहेत, आणि संगमरवरही त्याच कुळातला. आम्लाला नळावरचा थर आणि ओट्याची फरशी यांत काही फरक कळत नाही. माझ्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाच्या फोडीच्या आकाराचा एक निस्तेज डाग आहे, तो या लेखाच्या पूर्वतयारीतच पडलेला आहे. संडास साफ करण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते थर झटकन काढते खरे, परंतु स्टीलला आणि नळाच्या क्रोमच्या मुलाम्याला खाते; आणि ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात ही दोन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत.

पुन्हा बसू नये म्हणून

सर्वांत स्वस्त उपाय थर्मोस्टॅटचा आहे. माझ्या गिझरचा काटा ७० अंशांवर होता आणि त्या पाण्यात आम्ही रोज निम्मे थंड पाणी मिसळत होतो. काटा ५० ते ५५ अंशांवर आणला की थर बसण्याचा वेग लक्षणीय कमी होतो, शिवाय वीजही वाचते. जिथे मोठ्या टाकीत गरम पाणी दिवसभर साठवून अनेक घरांना पुरवतात तिथे मात्र हा उपाय करू नये. ६० अंशांखाली साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात. घरच्या लहान गिझरबाबत, तो वापरापुरता तापवून रिकामा करण्याची सवय ठेवावी. सकाळी चालू केलेला गिझर दुपारपर्यंत चालूच ठेवणे हे कॉइलच्या आणि वीजबिलाच्या, दोन्हींच्या मुळावर येते.

वॉशिंग मशिन किंवा गिझर यांच्या आधी फॉस्फेटच्या मण्यांचे काडतूस बसवता येते. ते कॅल्शियम काढत नाही. अतिशय कमी प्रमाणात पाण्यात उतरलेले पॉलिफॉस्फेट चुनखडीच्या स्फटिकाला वाढू देत नाही. पाणी फार तापले की त्याचा प्रभाव ओसरतो, त्यामुळे थर्मोस्टॅट खाली आणला असेल तरच त्याचा उपयोग. मणी संपले की काडतूस रिकामे फिरत राहते, हे लक्षात ठेवावे.

पक्का उपाय सॉफ्टनरचा. त्यातील राळेच्या मण्यांवर सोडियम बसलेले असते. पाणी त्यांतून जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि सोडियम पाण्यात उतरते. मणी भरले की मिठाच्या तीव्र द्रावणाने ते पुन्हा ताजे करावे लागतात. सोसायट्यांमधले सॉफ्टनर नादुरुस्त होतात असे म्हणतात, ते बहुतेक वेळा नादुरुस्त नसून उपाशी असतात: मीठ घालण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेलेच नसते. आमच्याकडे आता सुरक्षारक्षकाच्या खोलीत एक वही आहे, तिच्यात मीठ घातल्याची तारीख आणि त्या दिवशीचे काठिण्य लिहितात. मिठाचे सांडपाणी बागेत सोडू नये, कारण सोडियममुळे काळी माती घट्ट आणि चिबड होते.

सॉफ्टनरचे पाणी पिण्यासाठी वापरावे का, हा प्रश्न नेहमी येतो. काठिण्याच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे सुमारे ०.४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. माझ्या पाण्याच्या बाबतीत ते प्रतिलिटर सुमारे २२० मिलिग्रॅम झाले. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायल्यास पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ खाल्ल्यासारखे होते. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर हे दुर्लक्षण्याजोगे नाही, म्हणून स्वयंपाकघराची नळी सॉफ्टनरच्या आधी वेगळी काढून तिच्यावर आरओ बसवणे बरे. दुसऱ्या बाजूने, बोअरच्या कठीण पाण्याला घाबरण्याचेही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्यावर आधारित अशी मर्यादा ठरवलेलीच नाही.

१८४१ साली ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी कठीण पाण्यात कळीचा चुना घालून चुनाच काढण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले होते. चुना पाण्यातील कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट खाऊन टाकतो आणि सारे कार्बोनेट खाली बसते. कल्पना सुंदर आहे आणि मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत तिचा वापर होतो, परंतु मात्रा चुकली तर पाणी दाहक होते, त्यामुळे घराच्या टाकीत हा प्रयोग करू नये.

डाळीसाठी वेगळे यंत्र लागत नाही. कॅल्शियम डाळीच्या पेशींमधील पेक्टिनला बांधून ठेवते, म्हणून ती गळत नाही. भिजवायला आणि शिजवायला आरओचे पाणी घेतले की शिट्ट्या पूर्ववत होतात. चिमूटभर सोडा घातल्यानेही डाळ गळते, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

सॉफ्टनर सुरू झाल्यानंतर चौदा महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, मी गिझर उघडला. कॉइलवर पिठाचा हात लागल्यासारखा पांढरा भुरका होता, तो ओल्या फडक्याने पुसला गेला आणि खालचे तांबे दिसले. टाकीच्या तळात चमचाभर खपल्या होत्या. वहीत पाहिले तेव्हा मे महिन्यातील एकोणीस दिवस कोरे निघाले.